पन्नासाव्या वर्षाचा फेर

सांगलीतील एका गुजराती जैन कुटुंबात गेल्या मार्गशीर्षात आजी-आजोबांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. देरासरात पूजा आणि जीवदयेसाठी देणगी, यावर कोणाचे दुमत नव्हते. वाद झाला तो नातवंडांच्या मागणीवरून. त्यांना नृत्याचा कार्यक्रम हवा होता.

त्यांचा आराखडाही तयार होता. पुण्याहून नृत्यदिग्दर्शक, उंच मंच, मागे एलईडीचा पडदा, आठ नृत्ये आणि उत्सवमूर्तींसाठी पहिल्या रांगेत मखमली खुर्च्या. आजीने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि शांतपणे विचारले, "यात मी कुठे नाचायचे?"

प्रश्न ऐकून घर अवाक झाले. आजी मूळची भावनगरची. १९७४ साली ती लग्न होऊन सांगलीस आली, त्यानंतर तिने फेर धरल्याचे कोणी पाहिले नव्हते. त्या काळी सुनेने चारचौघांत गरबा खेळणे या घरात रूढ नव्हते. तिला कोणी मनाई केली नव्हती आणि कोणी विचारलेही नव्हते. मनाई असती, तर पुढेमागे कोणीतरी ती उठवली असती. गुजरातच्या गरब्याला २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान मिळाले, त्या बातमीचे कात्रण मात्र तिच्या स्तवनांच्या वहीत जपून ठेवलेले सापडले. दरम्यान तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियाही होऊन गेल्या होत्या.

मंच रद्द झाला व नियोजनाची सूत्रे सुनेने हाती घेतली. प्रथम जागा. मंगल कार्यालयाची हिरवळ सर्वांना पसंत होती. परंतु हिरव्या गवतावर शेकडो पावले नाचवायची, हे आजोबांच्या मनास पटेना. हिरवळही सजीवच. शिवाय ओलसर गवतावर गुडघ्यांचा तोल जाण्याचे भय. म्हणून मागील फरसबंद अंगण ठरले.

मग वेळ. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, हे सर्वांस ठाऊक असते; या घराचा नियम त्याहून कडक होता. आजी-आजोबांचा चौविहार. मार्गशीर्षात सूर्यास्त सहाच्या सुमारास. तेव्हा साडेतीनला नृत्य, पाचला भोजन आणि पावणेसहापर्यंत पाने उचललेली, असे वेळापत्रक ठरले. डीजेवाला हिरमुसला. "भर उजेडात माझे दिवे दिसणार कसे?" "मग आणूच नका," सून म्हणाली. दिव्यांचे भाडे वाचले, त्यातून एक ढोलवादक आणि एक गायिका आली. काटकसर एरवी इतकी सुरेल क्वचितच ठरते.

तालमी घरच्या दिवाणखान्यात झाल्या. नातवंडांना आकडे मोजून नाचण्याची सवय. आजीने त्यांना बे-ताळी आणि त्रण-ताळी शिकवली, टाळी देताना कमरेतून किती वाकायचे ते सोफ्याचा आधार घेऊन दाखवले. दांडियासाठी जोड्या लागतात म्हणून सम संख्येची यादी झाली. ढोलवादकाला एकच विनवणी होती: पहिला अर्धा तास लय वाढवायची नाही. गरबा सावकाश सुरू होतो आणि चढत जातो. हात आवरून धरणे वादकाला सर्वांत अवघड जाते.

प्रत्यक्षात पाहुणे आपल्याच घड्याळाने आले आणि साडेतीनचे सव्वाचार झाले. मध्यभागी छिद्रांच्या मातीच्या घटात दीप ठेवला होता. एखादा किडा त्यावर झेपावू नये म्हणून तो काचेच्या आवरणात होता. आजी दोन फेरे घेऊन बसणार, असे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरले होते. दुसरा फेरा संपला, ती बसली नाही. थोरल्या नातीने कोपर धरू पाहिले, तर तिने टाळीसाठी हात सोडवून घेतला. ढोलवादकाने तिच्या पावलांकडे पाहून लय तशीच संथ ठेवली, आणि तरुण मंडळीही निमूट त्या लयीत फिरू लागली.

पाच वाजता वाढप सुरू झाले. चौविहार करणारी वडीलधारी मंडळी एकेक करून जेवायला गेली. आजोबा आजीचे ताट वाढून फेराच्या कडेला उभे राहिले. ती समोरून गेली तेव्हा त्यांनी घड्याळ दाखवले. पुढच्या फेऱ्यात ताट किंचित उंचावले. तिने पाहिले, मान डोलावली आणि पुढे गेली. त्यानंतर आजोबांनी ताट खुर्चीवर ठेवले आणि हात मागे बांधून ते नुसते पाहत राहिले.

सूर्यास्ताला काही मिनिटे उरली असताना ती बाहेर आली. उकाळलेले पाणी प्यायली आणि हात जोडून पच्चक्खाण घेतले.

"अहो, तुम्ही जेवलात?"

"राहिलेच," असे म्हणून त्यांनीही तिच्याच पेल्यातले उरलेले पाणी संपवले. ताट वाया जाऊ नये म्हणून थोरला नातू ते घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होऊन नवकारशी आली, तेव्हा चहा आणि खाखरे पुढे ठेवून दोघे ओसरीवर बसले होते. आजीचे गुडघे सुजले होते. आजोबा शेकायची पिशवी धरून होते.

"सतरा फेरे झाले असतील नाही?" आजीने विचारले.

"एकोणीस," आजोबा म्हणाले.