मांडीवरचा मिक्सर आणि शाहूपुरीतला समुद्र

कोल्हापूरचा वीकेण्ड म्हणजे मिसळ, तांबडा-पांढरा आणि रंकाळ्यावर एक चक्कर. या वेळी मात्र अजेंडा एकदम हटके होता. दहा हजारांच्या बजेटमध्ये, घाटमाथ्याच्या अलीकडे, एक छोटासा समुद्र जिवंत ठेवायचा!

"मॅडम, मिक्सर हाय काय?"

शनिवारी सकाळी सहाला स्वारगेटहून सुटलेली एसटी. माझ्या मांडीवर खोकं. खोक्यातून डोकावणारं पारदर्शक नळकांडं, त्याच्या डोक्यावर झाकणाचा कप आणि बुडाशी एक छोटी मोटर. कंडक्टरला 'प्रोटीन स्किमर' समजावून सांगायला घेतलं असतं, तर सातारा आला असता. मी सरळ मान डोलावली. मिक्सर तर मिक्सर!

हा मिक्सर माझ्या धाकट्या भावासाठी होता. तो कोल्हापुरात बँकेत आहे. दिवसभर लोकांचे हप्ते मोजतो आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या समुद्रासमोर बसतो. हो, समुद्रच! शाहूपुरीत पहिल्या मजल्यावरच्या आमच्या हॉलमध्ये तीन फुटांची काचेची टाकी आहे. आत साधारण दीडशे लिटर खारं पाणी, 'निमो'मुळे घराघरांत पोचलेले दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प आणि थोडी सॉफ्ट कोरल्स. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. असल्या गावात रीफ टँक ठेवणं म्हणजे... नाद खुळा!

भावाकडे दिवाळीच्या बोनसमधले दहा हजार उरले होते. त्यात स्किमर बसवायचा होता. पुण्यातल्या एका हौशी माणसानं मोठी टाकी घेतली, म्हणून आपला जुना स्किमर नव्याच्या जेमतेम निम्म्या किमतीत काढला होता. "घेऊन जा, चालवून बघा, पटलं तर पैसे पाठवा," असा सज्जन व्यवहार. चुकायला मात्र वाव नव्हता. आईनं अल्टिमेटम दिलं होतं, "ह्या वेळी मासे मेले, तर त्या टाकीत मी पापडाचे डबे ठेवणार!"

ती पुराची रात्र

ऐकायला गंमत वाटते, पण आई चेष्टा करत नव्हती.

जुलै २०२१. आदल्याच दोन वर्षांपूर्वीचा महापूर लोक विसरले नव्हते, तेवढ्यात पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली. पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलं. घरात शिरलं नाही, पण वीज गेली. पंप बंद पडले आणि टाकीतल्या पाण्यात हवा मिसळणं थांबलं. आई आणि भाऊ रात्रभर आळीपाळीनं मग्यानं टाकीतलं पाणी उचलून वरून ओतत राहिले. तेवढाच ऑक्सिजन! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांचे हात थकले. तिसऱ्या सकाळी पाणी दुधाळ झालेलं, घरभर वास आणि टाकीत एकही हालचाल नाही.

मी पुण्यात अडकले होते, हायवे बंद होता. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, संपलं."

पुढचे कित्येक महिने त्यानं वाचून वाचून त्याचा छडा लावला. त्याचा निष्कर्ष असा की वीज जाणं हे निमित्त होतं. पाणी आधीपासूनच 'जड' झालेलं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, सगळं आत विरघळून सडत होतं. घाण सडवणारे जिवाणूसुद्धा ऑक्सिजन खातात. पंप चालू होते तोवर भागलं, वीज गेल्यावर माशांच्या वाट्याला काही उरलंच नाही. तेव्हा टाकीला स्किमर नव्हता. "लाइट आणि मासे घेण्यात पैसे घातले आणि जे दिसत नाही तिथं काटकसर केली," हे तो आजही स्वतःला ऐकवत असतो.

चार पर्याय, एक खिसा

स्किमरचा फण्डा सोपा आहे. पाण्यातली विरघळलेली घाण सडायच्या आत फेसावर उचलून बाहेर काढायची. पण बाजारात प्रकार इतके की डोकं गरगरतं. जेवणाच्या टेबलावर भावानं चार पर्याय मांडले.

पहिला, स्किमरच नको! ऐंशी-शंभर लिटरपेक्षा छोटी टाकी आणि दोनच मासे असतील तर हे सरळ जमतं. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. आमच्या दीडशे लिटरला म्हणजे १५ लिटर. लिटरला ३५ ग्रॅम मीठ धरलं तर आठवड्याला अर्धा किलो, वर्षाला २७ किलो समुद्री मीठ. जेवणातलं मीठ चालत नाही. आणि एखादा आठवडा ऑडिटमध्ये गेला की गणित कोसळलं. पाणी स्किमर असला तरी बदलावं लागतंच, पण एखादी खेप चुकली तर तो सांभाळून घेतो.

दुसरा, टाकीच्या काठावर टांगायचा हँग-ऑन. खाली वेगळी टाकी नसेल तर हाच बरा. पण तो बाहेर लटकतो, आवाज हॉलमध्येच येतो, आणि बिघडला तर पाणी थेट फरशीवर.

तिसरा, खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये ठेवायचा नीडल-व्हील स्किमर. याच्या पंपाच्या पंख्याला काटे असतात, ते हवेचे बारीक बारीक बुडबुडे करतात. वीजही कमी. बारा वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला साधारण नऊ युनिट.

चौथा, घरगुती जुगाड. एक उंच नळी, लाकडी एअरस्टोन आणि साधा एअर पंप. सगळ्यात स्वस्त, पण तो लाकडी दगड काही आठवड्यांत तुंबतो आणि सारखा बदलावा लागतो.

भावाकडे सम्प आहे, म्हणून तिसरा. माझ्या मांडीवरून आला तोच. त्यावर '३०० लिटरपर्यंत' असं लिहिलेलं. मला वाटलं, दीडशेला तीनशेचा कशाला? भाऊ हसला. "लेबलवरचा आकडा गाडीच्या मायलेजसारखा असतो गं! मासे जरा जास्त असतील तर दीडपट-दुप्पट धरावं. पण पाचपट मोठा घेऊन पण उपयोग नाही. तेवढी घाणच नसली तर फेस उभाच राहत नाही."

मग त्यानं माझ्या 'मिक्सर'ची वैद्यकीय तपासणी केली. नळीला तडा आहे का, पंख्याचे काटे शाबूत आहेत का, सुटे भाग मिळतात का. रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवला की आतला चुन्याचा थर सुटतो. आपल्या घरच्या गिझरसारखंच!

उद्यमनगर झिंदाबाद

लगेच एक अडचण निघाली. हा स्किमर १८ सेंटिमीटर पाण्यात उभा करायचा असतो. भावाच्या सम्पमध्ये पाणी २५ सेंटिमीटर. जास्त खोल गेला की कप भराभर पाण्यानं भरतो, वर राहिला की फेसच चढत नाही. म्हणजे सात सेंटिमीटरचं स्टँड हवं.

पुण्यात मी हे ऑनलाइन शोधत बसले असते. कोल्हापुरात लोक शिवाजी उद्यमनगरात जातात. शेतीच्या इंजिनाचा भाग असो की सिनेमाच्या कॅमेऱ्याचा, इथल्या लेथवर होत नाही असं काही नाही, असं कोल्हापूरकर छातीठोक सांगतात. दुपारी आम्ही एका वर्कशॉपमध्ये पोचलो. लोखंडाचा वास, काळे हात, कोपऱ्यात रेडिओ. मिस्त्रींनी स्किमर उलटा-पालटा करून बघितला.

"ह्यो प्लास्टिकचा नोझल कशाला? पितळंचा करून देतो की! जन्मात हलायचा न्हाई."

भाऊ एकदम ओरडलाच, "नको मामा, पितळ नको!"

कारण पितळेत तांबं असतं. खाऱ्या पाण्यात ते उतरतं, आणि अगदी थोडं तांबंसुद्धा श्रिम्प आणि कोरलला मारायला पुरतं. लोखंडी स्क्रू नको, तो गंजणार. मिस्त्रींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे तुमच्या माशास्नी सोवळं लागतंय," असं म्हणून त्यांनी भंगारातून नायलॉनचा दांडा काढला, लेथवर चढवला आणि तीन पाय कापले. वर अॅक्रिलिकचा चौकोन, सगळं खाचेत बसणारं, एकही स्क्रू नाही. पाऊण तासात काम फत्ते. बिल दीडशे रुपये, त्यात दोन चहा त्यांच्याकडूनच!

मळी काढली नाही तर...

शनिवारी रात्री स्किमर चालू झाला. बुडबुडे भरपूर, कप कोरडा. रविवारी सकाळी उठून बघितलं, कप कोरडाच. आई चहा घेता घेता टाकीकडे आणि मग पापडाच्या डब्यांकडे बघत होती. नवा किंवा धुतलेला स्किमर रुळायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात, हे भावाला माहीत होतं. तरी तो दर दहा मिनिटांनी कपाटाचं दार उघडत होता. शेवटी मीच त्याला बाहेर काढलं. गुऱ्हाळांचा सीझन होता, गेलो पन्हाळा रोडला.

चुलवाणावर भली मोठी काहील, तिच्यात उकळणारा उसाचा रस. गुळव्यानं भेंडीचं चिकट पाणी टाकलं आणि थोड्या वेळात रसावर काळपट फेस जमायला लागला. लांब दांड्याच्या झाऱ्यानं तो हळूहळू फेस बाजूला ओढत होता. मी विचारलं, काढलंच नाही तर?

"मळी न्हाई काढली तर गूळ काळा पडतोय, टिकत बी न्हाई."

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, हाच स्किमर!"

तंत्र वेगळं आहे, मान्य. इथं आच आणि भेंडी काम करतात, स्किमरमध्ये हवा. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून ते बुडबुड्याच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतात, बुडबुड्यासोबत वर चढतात आणि नळीच्या गळ्यातून कपात सांडतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, चटकन एकमेकांत मिसळत नाहीत. गोड्या पाण्यात ते होत नाही, त्यामुळे तुमच्या गोल्डफिशच्या टाकीला हे यंत्र घेऊ नका, पैसे वाया!

आणि एक गोष्ट. घाण सडून एकदा नायट्रेट झालं की स्किमर ते काढू शकत नाही. काढायची ती आधीच. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. हिरवा पडलेला रंकाळा आपण पाहिलाय, पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच आल्याच्या बातम्याही वाचल्यात. पाण्यात काय काय जातंय याकडे वेळेवर बघितलं नाही की शेवट तोच होतो, टाकी असो की नदी.

कोरल बघायचं तर मालवण

परतताना मी विचारलं, ते टीव्हीवर दिसतं तसं फांद्याफांद्यांचं कोरल का नाही ठेवत? उत्तर तुम्हीही लक्षात ठेवा. दगडी सांगाडा बनवणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत! ती विकणं, घेणं, घरात बाळगणं गुन्हा आहे. म्हणून भावाच्या टाकीतले खडकही रीफवरून तोडलेले नाहीत, सिरॅमिकचे आहेत. क्लाउनफिशही हॅचरीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच विकसित केलंय, तेव्हा दुकानात तसे मासे आग्रहानं मागा.

खरं प्रवाळ बघायचं असेल तर घाट उतरा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केल लावून पाण्यात डोकं घातलं की प्रवाळ दिसतं. पाऊस संपल्यावर जा, पावसात पाणी गढूळ असतं. हात मात्र लावू नका.

गुरुवारचा मेसेज

सोमवारी मी पुण्याला परतले, तेव्हाही कप कोरडा होता. भावानं उरलेल्या पैशांतून सेलवर चालणारा एअर पंप घेतला आणि टाकीशेजारी खिळ्याला टांगून ठेवला. पुन्हा वीज गेली तर स्किमर बंद पडणारच, तेव्हा निदान हवा तरी चालू राहील. आईनं त्याचे सेल स्वतःच्या देवघराच्या खणात ठेवले. पापडाच्या डब्यांचा विषय तिनं काढला नाही.

गुरुवारी भर मीटिंगमध्ये मोबाइल वाजला. फोटो होता. स्किमरचा कप, बुडाशी दोन बोटं तपकिरी पाणी, कोऱ्या चहासारखं. खाली भावाचे दोनच शब्द.

"मळी आली!"

स्किमर घेताय? मग हे वाचा

• आधी टाकीतलं खरं पाणी मोजा, मग स्किमरचं लेबल वाचा. माशांची गर्दी असेल तर दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या.

• खाली सम्प असेल तर नीडल-व्हील, नसेल तर हँग-ऑन.

• सेकंडहँड घेताना नळीचे तडे, पंपाचा आवाज आणि पंख्याचे काटे तपासा. सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारा.

• पाण्याची पातळी स्थिर ठेवा. उन्हाळ्यात बाष्पीभवनानं ती रोज उतरते, तेव्हा साधं आरओचं पाणी घालून भरून काढा. मीठ उडून जात नाही, ते परत घालू नका.

• कपाचा गळा दोन-तीन दिवसांनी पुसा. तेलकट थर बसला की फेस चढत नाही.

• पितळ, तांबं, लोखंड पाण्यात नको.

• सेलवरचा एअर पंप घरात हवाच. पावसाळ्याआधी एकदा चालवून बघा!