आईचं गंगावन

आईच्या कपाटात, खालच्या खणात, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं एक गंगावन असे. लग्नकार्याला निघताना ती दार लोटून घेई आणि अंबाडा घाली. आम्हा मुलींना वाटे, हौस आहे आईला! ती हौस नव्हती, हे कळायला माझा स्वतःचा भांग रुंद व्हावा लागला.

चाळिशीत एकदा आरशात पाहिलं, तर भांगाच्या रेघेची पायवाट झालेली! मग माका झाला, जास्वंद झाली, कांद्याचा रसही झाला. “शांपूनंच गेले हो केस,” सासूबाई म्हणाल्या. “फार विचार करतेस,” हे म्हणाले. थोडक्यात काय, दोष माझाच.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासलं. लोह कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं, तरी केस गळतात म्हणे. तसं काही निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, “आईचे केस कसे होते? वडिलांचे?” मला गंगावन आठवलं, आणि नानांचं टक्कलही!

हे आनुवंशिक असतं. टक्कल मामाकडून येतं असं आपण म्हणतो, पण वारसा दोन्ही घरांचा असतो. केसांची मुळं आखडत जातात आणि नवा केस दर खेपेला अधिक बारीक, आखूड उगवतो. पुरुषांत हे पुरुषी संप्रेरकामुळे होतं; कपाळाचे कोपरे आणि टाळू उघडी पडते. बायकांची कपाळावरची कड बहुधा शाबूत राहते, भांग तेवढा पसरतो. लुडविग या डॉक्टरांनी १९७७ साली त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. माझी दुसरी.

बाईंनी मिनॉक्सिडिल लावायला दिलं. सुरुवातीला केस जास्त गळू शकतात, तेव्हा घाबरून सोडायचं नाही. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि थांबवलं की फायदा ओसरतो. गरोदरपणी मात्र ते लावू नये. पुरुषांना देतात ती फिनॅस्टेराइडची गोळी तर गरोदर बाईनं मुळीच घेऊ नये.

परवा लेकीची वेणी घालताना हात थबकला. तिचाही भांग! “आई, माझं काही चुकतंय का गं?” तिनं हळूच विचारलं.

“काही चुकत नाही,” म्हटलं, आणि आईमागे माझ्याकडे आलेलं ते गंगावन तिच्या मांडीवर ठेवलं. मग सगळं सांगितलं. दार उघडंच होतं.