आधी काय पाहावे?

आमच्या लांजीत बुद्धिबळाचा पट मांडणारी घरे आता मोजकीच उरली आहेत. तरुण मंडळी म्हणतात, "यंत्राला सगळे ठाऊक आहे, आपण डोके कशाला शिणवायचे?" हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे उत्तर त्या यंत्राच्याच पोटात आहे.

नागपुरास शिकणारा आमचा नातू बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहीत आहे. डावाच्या मध्यावर एका वेळी सुमारे 35 चाली शक्य असतात. दोन्ही पक्षांच्या मिळून चारच चाली पुढे पाहायच्या, तरी 15 लाखांवर स्थिती होतात. परंतु हाती एक बरी चाल असताना दुसरीला प्रतिपक्षाचे एकच खणखणीत उत्तर सापडले, की ती बाद. उरलेली 34 उत्तरे पाहण्याचे प्रयोजन नाही. हा क्रम सर्वत्र अचूक लागला, तर तेच काम 2,449 स्थितींत भागते. डोनाल्ड कनूथ व रोनाल्ड मूर यांनी 1975 साली याचे गणित सविस्तर मांडले.

सारी मदार क्रमावर, आणि क्रम तर अनुमानानेच लावायचा! महसूल खात्यात हयात घालविलेल्या आम्हांस हे तत्काळ पटले. टपालात नामांतरणाचे (महाराष्ट्रातील आप्त फेरफार म्हणतील) शंभर अर्ज असोत, पुराचे पत्र कितवे आले हे कोणी पाहत नाही. यंत्रही मारण्याच्या चाली आधी घेते, त्यांतही मोठा मोहरा लहानाने मारला जात असेल ती सर्वांत आधी. शेजारच्या फांदीवर जे उत्तर लागू पडले, तेही लवकर पुढे काढते. "आधी शह पाहा, मग मार, मग धाक," असे आमचे वडील सांगत. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. त्यात मुख्यतः पेचाच्या स्थिती आहेत. त्या सोडविणाराही सर्व चाली चाळीत बसत नसणार.

नातवाच्या प्रोग्रामला प्रारंभी एक विलक्षण खोड होती. चौथ्या चालीवर वजिराने प्यादे मारी आणि एक गुण मिळाला म्हणून खूश होई. त्या प्याद्याला दुसऱ्याचा जोर आहे, पुढच्याच चालीत नऊ गुणांचा वजीर जाणार, हे त्यास दिसेना. कारण मोजणी तेथेच संपे! क्लॉड शॅनन यांनी 1950 सालच्या लेखातच बजावले होते की मारामारी चालू असता हिशेब बंद करू नये. म्हणून आता अखेरीस केवळ मारण्याच्या चाली पट शांत होईपर्यंत पाहिल्या जातात. मात्र मारलेच पाहिजे असे बंधन नाही. शह नसेल तर आहे त्या गुणांवर थांबण्याची मुभा असते. ही मुभा नसती तर यंत्र तोट्याचे सौदेही करीत सुटले असते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 साली बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. तिची पिढी यंत्रांसमवेतच वाढली. तिने पट गुंडाळून ठेवला नाही.

या शांत शोधात शहही पाहावेत काय, यावर मात्र आमचे व नातवाचे एकमत झालेले नाही. मारता मारता मोहरे संपतात, शह संपत नाहीत, असे त्याचे म्हणणे. निदान पहिल्या पायरीवर तरी पाहावेत, असे आमचे. दिवाळीत तो येईल तेव्हा दोन्ही प्रकार एकमेकांविरुद्ध खेळवून पाहण्याचे ठरले आहे.