नावाचा सातबारा

आमच्या बगीच्याच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता आजही आमचा नाही. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ज्या नावानं तो बगीचा उभा केला, बाजारात ज्या नावानं आमची गाडी ओळखतात, तेच नाव पुढे डॉट कॉम लावून दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर आहे. आम्ही नवा पत्ता घेतला, गिऱ्हाईकही बरंचसं परत आलं. तरी विषय निघाला की माझा आवाज चढतो. घरातले म्हणतात, सोडून दे आता. मला सोडता येत नाही, म्हणून लिहून काढते.

संत्र्यांचा हा बगीचा मोर्शी तालुक्यात. आम्ही राहतो अमरावतीत, राजापेठेत, मुलांच्या शिक्षणासाठी. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबर निघतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. विक्रीची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या एकच. व्यापारी येतो, उभा बगीचा नजरेनं तोलतो, इसार देतो आणि आपली माणसं लावून तोडून नेतो. भाव पडला की तो फिरकत नाही, आणि पिकलेलं फळ झाडावर कुणासाठी थांबत नाही. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

२०२१ च्या फेब्रुवारीत तेच झालं. करोनाची दुसरी लाट राज्यात सगळ्यांच्या आधी आमच्याकडे उसळली आणि २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती, अचलपूर बंद. मृग पिकून उभा होता आणि व्यापाऱ्यानं इसारावर पाणी सोडून फोन उचलणं बंद केलं. माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या लोकांना विचारून, ज्यांनी हो म्हटलं त्यांचे ई-मेल पत्ते पाठवले. म्हणाला, "मामी, तू फक्त एक पत्र लिही. जाहिरात नको, पत्र."

मी पत्र लिहिलं. झाडं किती जुनी, पाणी कोणत्या विहिरीचं, शेवटची फवारणी कधी झाली, पेटीत किती किलो, घरी आल्यावर संत्री पसरून ठेवायची की फ्रीजमध्ये, किती दिवसांत संपवायची. शेवटी भाव आणि आमची नावं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायच्या आधी उत्तरं येऊन पडली होती. एकानं लिहिलं होतं की त्याचं आजोळ वरुडचं, आजोबा गेल्यापासून झाडावरून उतरलेलं संत्रं त्यानं खाल्लंच नाही. पुण्याकडे जाणाऱ्या भाजीच्या ट्रकमधून आमच्या पेट्या गेल्या आणि तो बहार निभावला.

आता ई-मेल कोण पाहतं, असं मला शेजारणीपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं आहे. माझा अनुभव वेगळा आहे. फोनवरच्या ग्रुपात टाकलेला फोटो दुपारपर्यंत लग्नपत्रिका आणि सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. पत्र मात्र जागेवर राहतं. पुढच्या ऑक्टोबरात माणूस 'संत्री' एवढा शब्द टाकून ते शोधून काढतो आणि त्याच पत्राला उत्तर देतो, "यंदा कधी?" शिवाय पत्रात समजावून सांगायला जागा असते. ऑक्टोबरातला आंबिया आतून गोड झालेला असला तरी साल हिरवीच असते, कारण सालीला रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो. बाजारातलं पिवळंधमक फळ पाहायची सवय झालेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. पत्रात चार ओळी आधीच लिहून ठेवल्या की "कच्ची पाठवली" म्हणून येणारे फोन खूप कमी होतात. कायद्याचीही आडकाठी नाही. फळं आणि भाजीपाला २०१६ मध्येच राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला.

पुढे एका दिवाळीनंतर शहरातल्या एका एजन्सीचा मुलगा घरी आला. हुशार होता आणि बोलायचाही आदरानं. "ताई, फुकटच्या पत्त्यावरून किती दिवस लिहिणार? आपल्या नावाचा पत्ता करू." वेबसाइट, बगीच्याच्या नावाचं डोमेन, सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम पत्र पाठवायची सेवा, असं सगळं एका वर्षाच्या पैशांत. काम त्यानं चांगलं केलं, हे मी आजही नाकारत नाही. रंगीत चित्रांनी भरलेलं पत्र जीमेल बहुतेकदा जाहिरातींच्या कप्प्यात टाकतं आणि साध्या अक्षरांतलं पत्र समोर येण्याची शक्यता जास्त असते, हे त्यानंच दाखवलं. ज्याला नको असेल त्याला एका टिचकीत बाहेर पडता यावं, हेही त्यानंच शिकवलं. यादी साडेतीनशेच्या आसपास गेली.

मग २०२३ उजाडलं. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. फळ लहान राहिलं, गळही झाली. त्यात बांगलादेशानं संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत वाढवत किलोमागे ८८ रुपयांवर नेलं होतं. वरुड-मोर्शीचा केवढा तरी माल वर्षानुवर्षं तिकडे जायचा. तो इथेच तुंबला आणि भाव बसले. व्यापारी बगीच्यात यायचे, फिरायचे, चहा घेऊन निघून जायचे. आम्ही म्हटलं, काही हरकत नाही, आपली साडेतीनशे घरं आहेत.

पहिल्या तोडीचं पत्र लिहून तयार होतं. संध्याकाळी पाठवायला बसले तर खातंच उघडेना. तेवढ्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला की तुमच्या पत्त्यावर लिहिलेलं परत येतंय, असा पत्ताच नाही म्हणतात. एजन्सीला फोन लावला.

"रिन्युअल पेंडिंग आहे, ताई. नवीन पॅकेज घ्यावं लागेल."

नवं पॅकेज आधीच्या तिप्पट होतं. मी म्हटलं, पॅकेज नको, आमचं नाव आम्हाला द्या, आम्ही आमचं पाहून घेऊ. तो म्हणाला, तसं पॉलिसीत बसत नाही. मी म्हटलं, नाव आमच्या बगीच्याचं आहे. तो म्हणाला, नोंदणी एजन्सीच्या नावावर आहे. इतक्या शांतपणे म्हणाला की क्षणभर मला काही सुचेना.

हे नीट सांगते, कारण माझ्यासारख्या अनेक जणी आज त्याच जागी असतील. डोमेन नोंदणी कंपनीकडून वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपयांत मिळतं. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या ई-मेलवर नोंद, तोच त्याचा धनी. ते दुसरीकडे हलवायचं तर त्याच धन्याच्या खात्यातून एक संकेतांक काढावा लागतो. तो संकेतांक द्यायला एजन्सी तयार नव्हती. नोंदणी कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की विनंती नोंदणीकृत ई-मेलवरूनच यायला हवी. तो ई-मेल एजन्सीचा. आमच्याकडची बिलं काढून पाहिली. त्यांवर लिहिलेलं 'डिजिटल सेवा'. 'डोमेन' हा शब्द एकाही बिलावर नाही. पोलिसांत विचारलं, तर ते म्हणाले, बाई, हे दिवाणी प्रकरण आहे. वकिलांनी सांगितलं की डॉट कॉमच्या नावांसाठी १९९९ पासून लवादाची एक जागतिक व्यवस्था आहे, पण तिथे नावावर ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो, समोरच्याची नियत खोटी होती हेही सिद्ध करावं लागतं, आणि जिनिव्याच्या संस्थेकडे नुसता अर्ज दाखल करायचे दीड हजार डॉलर पडतात. वर्षाला हजार रुपयांच्या नावासाठी सव्वा लाख! त्या वर्षी आंबियानं आम्हाला तेवढे दाखवले नव्हते.

मामाजी खाटेवर बसून सगळं ऐकत होते. भावकीतल्या एका फेरफारापायी त्यांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. नमुना आठ-अ आणि सातबारा त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, "वावर आपलं, नाव आपलं, अन् सातबारा लोकाच्या नावावर? असं कसं वं चालते?" यापेक्षा नेमकं मला कुणी समजावलं नाही, वकिलांनीही नाही. जमिनीच्या कागदावर एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर आमच्याकडची माणसं रात्र-रात्र झोपत नाहीत. नावाच्या या कागदाबद्दल मात्र शेतकऱ्याला कुणी काही सांगतच नाही. प्रशिक्षणात लोगो, पॅकिंग, क्यूआर कोड, सगळं शिकवतात. हे का नाही शिकवत?

यादी एजन्सीच्याच खात्यात होती, तिचाही पासवर्ड बदललेला. माझ्याकडे होती ती पार्सलची वही. पेट्यांवर पत्ते मी हातानं लिहिते आणि वहीतही उतरवते, तेवढंच वाचलं. त्या वहीवरून एकेकाला फोन लावत बसले. काहींचे नंबर बदललेले. काहींना वाटलं, फसवणुकीचा फोन आहे, त्यांनी ठेवून दिला. त्यांनाही कसा दोष देणार?

इथपर्यंत मी समजून घेतलं असतं. धंदा आहे, पैसे काढायचे असतील. पण डिसेंबरात कोथरूडच्या एका गिऱ्हाईक बाईंनी एक पत्र पुढे पाठवलं आणि माझे हातपाय गार पडले. पत्र आमच्या नावावरून गेलेलं होतं. एजन्सीनं नाव परत चालू केलं होतं, स्वतःसाठी. मजकूर माझा. सालीचा रंग आणि रात्रीचा गारवा, संत्री पसरून कशी ठेवायची, विहिरीचं पाणी, माझ्या ओळी जशाच्या तशा. खाली मागणीसाठी नंबर तेवढा दुसराच. बाईंनी आमचंच समजून पेटी मागवली होती. "ताई, या वेळी बिया फार आहेत, आणि साल सोलताना नख दुखतं." त्यांनी फोटो पाठवला. घट्ट सालीचं, चकचकीत, लालसर केशरी फळ. पंजाबकडचा किन्नू. किन्नू वाईट फळ नाही, रसाला उत्तमच. पण नागपुरी संत्र्याची साल नुसत्या अंगठ्यानं सुटते, त्या चवीसाठी आणि त्या सुट्या सालीसाठी २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि माझ्या विहिरीच्या पाण्याची गोष्ट सांगून कुणीतरी भलतंच फळ विकत होतं.

फोन केला तर उत्तर मिळालं, "कंटेंट आमच्या सर्व्हरवर होता." त्यानंतर त्यांनी उचललाच नाही.

ज्या लोकांनी मला, माझ्या घराला विश्वासानं आपला पत्ता दिला होता, त्यांचा तो पत्ता परस्पर वापरला गेला, याचं काय? वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला होता, पण त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. माझ्या हातात तेव्हा एवढंच होतं की वहीतल्या प्रत्येकाला फोन करून सांगणं, ती पेटी आमची नाही. हे सांगताना लाज मला वाटत होती. ज्यांना वाटायला हवी होती ते मजेत होते.

त्याआधी, नोव्हेंबरच्या शेवटी, अवकाळी पाऊस झाला होता आणि उरलेलं फळ लगेच काढणं भाग पडलं. वरुडकडचा एक व्यापारी आला. भाव कमीच बोलला, पण बोलला तेवढा त्याच संध्याकाळी रोख मोजला, आणि चुरी, म्हणजे बारीक, संत्रीसुद्धा सोडून गेला नाही. व्यापाऱ्यांबद्दल वर मी जे लिहिलं ते खरंच आहे, पण त्या संध्याकाळी तो माणूस मला देवासारखा भेटला. आता दर बहाराला बगीच्याचा मोठा हिस्सा त्याच्याकडेच जातो. सगळं फळ पत्रावर विकायचा हट्ट मी सोडला.

पत्रं मात्र सोडली नाहीत. नवं नाव माझ्या स्वतःच्या ई-मेलवर, माझ्या कार्डानं पैसे भरून घेतलं, एकदम पाच वर्षांसाठी. कुणाला काम द्यायचं असेल तर खुशाल द्यावं, पण डोमेन, यादी आणि पासवर्ड आपल्याकडे ठेवून मग द्यावं. दर महिन्याला यादी उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी, वहीही ठेवावी. मागितल्याशिवाय कुणाचं नाव यादीत घालू नये. प्रदर्शनात मिळालेल्या व्हिजिटिंग कार्डांवरचे पत्ते परस्पर घालणारे मला माहीत आहेत, त्यांची पत्रं स्पॅममध्येच जातात. बहाराच्या महिनाभर आधी पहिलं पत्र जावं, फळ लहान असेल तर लहान आहे असं लिहावं. आणि सहा-सहा महिने ज्यांनी पत्र उघडलेलंच नाही, ती नावं काढून टाकावीत; न उघडणारे वाढले की उघडणाऱ्यांचीही पत्रं स्पॅमकडे ढकलली जातात.

हा शेवटचा नियम भाचा मला प्रत्येक बहाराला ऐकवतो, आणि तो बरोबरच आहे. पण २०२१ च्या पहिल्या पत्राला उत्तर देणाऱ्यांपैकी काहींनी नंतर एकही पेटी मागवली नाही, पत्रंही ते उघडत नाहीत, तरी त्यांची नावं मी वहीवरून नव्या यादीत उतरवून घेतली. सगळं बंद असताना त्यांनी एका अनोळखी बाईला पेटी निघायच्या आधीच पैसे पाठवले होते.