वरचा स्लॉट की खालचा?

आमच्या घरचा संगणक सेकंडहँड घेतलेला. चालू करून चहा टाकला, चहा पिऊन कपबशा विसळल्या, तरी तो आपला जागा होतोच आहे! मुलगी म्हणाली, "पप्पा, नवा नको, यालाच एसएसडी टाकू." ओव्हरटाइमच्या पैशांतून आम्ही एनव्हीएमई प्रकारची एसएसडी आणली. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. हाताच्या मधल्या बोटाएवढी वस्तू, आणि एवढे पैसे? सौ.चा प्रश्न रास्तच होता.

मदरबोर्डावर तिच्यासाठी दोन स्लॉट. एक प्रोसेसरजवळ, दुसरा खाली. वरच्या स्लॉटला ग्राफिक कार्ड आड येत होते, म्हणून बसवून देणाऱ्या गृहस्थांनी ती खालच्यात बसवली. "दोन्ही सारखेच," म्हणाले. संगणक खरोखरच झटकन सुरू झाला, पण जुनी हार्ड डिस्क गायब! मुलीच्या जात पडताळणीसाठी लागणारा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला स्कॅन करून त्याच डिस्कवर ठेवलेला. मूळ कागद वाळवीने खाल्लेला. फॉर्मला चार दिवस उरले होते. त्या रात्री घरात कुणाला झोप नव्हती.

पोरीने बोर्डाची पुस्तिका शोधून काढली. त्यात बारीक अक्षरात लिहिले होते: खालच्या स्लॉटमध्ये एसएसडी असेल तर साटाचे ५ आणि ६ क्रमांकाचे पोर्ट बंद राहतील. आमच्या डिस्कची केबल ५ मध्येच होती. चाळीतल्या एका नळावर दोन बिऱ्हाडे असावीत, तशी ही गत. चिपसेटकडे वाटा मोजक्याच, त्या दोघांत वाटलेल्या. वरच्या स्लॉटची वाट मात्र थेट प्रोसेसरला जाते. आमच्या बोर्डावर वरच्याला चार वाटा, खालच्याला दोनच. म्हणजे वेगही निम्मा. फॉर्म भरताना तो फरक जाणवत नाही, हे खरे. पण डिस्क गेली असे समजून आम्ही रडायचेच बाकी होतो! वाचकहो, प्रत्येक बोर्डाचा हिशेब निराळा असतो. बसवण्याआधी पुस्तिका पाहाच.

वीज बंद करून मुलीने केबल १ क्रमांकाला लावली. डिस्क दिसली. एसएसडी वर हलवायचे काम रविवारवर ठेवले.

दाखला उघडला, आजोबांचे नाव दिसले. सौ.ने आधी तो पेनड्राइव्हवर घ्यायला लावला, मगच ताटे वाढली.