दिवसभर चालेल

"मोठा अल्टरनेटर टाकलाय साहेब, आता विंच दिवसभर चालवा." गाडीची चावी हातात देताना दुकानदार हे म्हणाला होता. ३४,००० रुपये गेले त्याचं मला फारसं वाटत नाही. हे वाक्य मात्र दोन पावसाळे उलटून गेले तरी आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

जीप जुनी आहे, डिझेल, बारा व्होल्टची. पावसाळ्यात डोंगराकडे जातो, म्हणून पुढे साडेनऊ हजार पौंडांचा विंच बसवला, म्हणजे साधारण ४,३०० किलोंचा. मूळ अल्टरनेटर ४५ अँपिअरचा होता. त्यावर विंच चालणार नाही, असं जो तो सांगत होता आणि मलाही ते पटलं होतं. दुकानदाराने १२० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला आणि जोडीला "दणकट" म्हणून १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी दिली. घरच्या इन्व्हर्टरला असते तीच. बॉनेटखाली ती मावेना, म्हणून मागच्या बाकड्यामागे ठेवली आणि वर स्क्रूने आवळलेलं पत्र्याचं झाकण बसवलं. काम नीटनेटकं दिसत होतं. मी खूश झालो होतो, हेही सांगायला हवं.

जुलैची संध्याकाळ. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला लावणी चालू होती आणि पाऊस धो धो. एका ओढ्यात दुधाची पिकअप मागच्या दोन्ही चाकांनी रुतून बसली होती. कॅन भरलेले. चालक आणि त्याच्याबरोबरचा पोरगा पार भिजले होते. मी थांबलो. जीपचं बूड साखळीने जांभळीला बांधलं, विंचची तार पिकअपच्या हुकाला लावली, तार तुटली तर उसळू नये म्हणून तिच्यावर भिजलेलं गोणपाट टाकलं आणि बटण दाबलं.

पहिलं मिनिट छान गेलं. मग पट्टा किंचाळायला लागला. हेडलाइट पिवळे पडले, विंचचा आवाज जड झाला आणि कंट्रोल बॉक्समधून कट-कट-कट असा आवाज यायला लागला. मी बटण सोडलं. विंच थांबला नाही.

हे मला वाचणाऱ्याला नीट समजावून सांगायचंय, कारण तिथे उभं राहून मलाही ते कळत नव्हतं. बटण हातात आहे, त्यावर बोट नाही आणि ड्रम फिरतोच आहे. तोवर पिकअप चिखलातून वर आली होती. तिचा भार हलका झाल्यावर तार भराभर गुंडाळायला लागली. पिकअप माझ्या जीपकडे ओढली जात होती. चालकाने ब्रेक दाबला, पण ओल्या गवतावर चाकं घसरत होती. मधे आठ-नऊ मीटरचं अंतर होतं आणि ते कमी होत होतं. पोरगा ओरडत होता, "दादा, बंद करा, बंद करा!" कशाने बंद करणार? विंचच्या वाटेवर एकही स्विच नव्हता. आधी इंजिनची दांडी ओढून ते बंद केलं, कारण बॅटरी सुटली तरी अल्टरनेटर करंट देत राहिला असता. मग मागे धावलो. झाकणावर बॅगा, दोर, छत्र्या. त्याखाली चार स्क्रू. दोन स्क्रू काढले, उरलेलं झाकण हाताने वाकवलं, बोट कापलं, आणि बारा-तेराच्या पान्याने टर्मिनल सोडवलं. पिकअपचा बंपर माझ्या बंपरपासून चार हातांवर थांबला होता. मधे तो पोरगा उभा असता तर? या विचाराने मी त्या रात्री झोपलो नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. विंचची केबल वेगळी करून बॅटरी परत जोडली, तर सेल्फने एकदा हुंकार दिला आणि गप्प. ज्याला बाहेर काढायला मी उतरलो होतो त्याच पिकअपने मला दोर लावून उतारापर्यंत ओढत नेलं. चालकाने पैसे घेतले नाहीत. "तुमच्यामुळं दूध वाचलं, दादा," म्हणाला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी नसरापूरच्या एका वायरमन मामांकडे गेलो. डायनामोच्या काळापासून गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस. त्यांनी कंट्रोल बॉक्स उघडून कॉन्टॅक्टर दाखवला. आतले तांब्याचे दोन संपर्क एकमेकांना वितळून चिकटले होते. व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जोर राहत नाही, संपर्क थरथरतात, प्रत्येक थरथरीत ठिणगी पडते आणि शेवटी दोन्ही एकजीव होतात. ती कट-कट म्हणजे हेच होतं.

मग नवा कॉन्टॅक्टर तात्पुरता लावून आणि बॅटरी रात्रभर चार्ज करून त्यांनी विंचला झाडाला ओढायला लावलं आणि क्लॅम्प मीटर धरला. ३०० अँपिअर. बॅटरीच्या टर्मिनलवर १०.२ व्होल्ट, विंचच्या टोकाला ७.९. "बघा," मामा म्हणाले, "दोन व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच खाल्लेत." मागून पुढे आलेली चार मीटरची केबल १६ स्क्वेअर एमएमची होती. तिच्यातच १.३ व्होल्ट जात होते. उरलेलं अर्थच्या बोल्टवर. त्या बोल्टखालचा रंगसुद्धा खरवडला नव्हता! रंगावर केबलच्या टोकाचा लग आवळून ठेवला होता. बॅटरीही चुकीची. ट्युब्युलर बॅटरी रात्रभर पंखा चालवायला उत्तम, पण तिच्या जाड प्लेटा एका दमात तीन-चारशे अँपिअर द्यायला बनलेल्याच नाहीत. सेल्फ आणि विंचला क्रँकिंगची ताकद लागते, नुसते एएच नाहीत. अल्टरनेटर मोठा केला, पण त्याची चार्जिंगची वायर जुनीच बारीक, इन्सुलेशन तपकिरी पडलेलं. पट्टाही जुनाच एकेरी. १२० अँपिअर काढायचे तर इंजिनला तीन-चार हॉर्सपॉवर त्यासाठीच द्यावे लागतात. एकेरी पट्टा घसरणारच.

मी मामांना विचारलं, "पण एवढा मोठा अल्टरनेटर असून विंच दमला कसा?" त्यांनी जे सांगितलं ते मला कुणी आधीच का सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही. विंच अल्टरनेटरवर चालतच नाही. तो बॅटरीवर चालतो. पूर्ण भाराला तो चारशेच्या आसपास अँपिअर घेतो. गाडी जागेवर उभी, इंजिन मंद, अशा वेळी १२० चा अल्टरनेटर पन्नासएक अँपिअर देईल, त्यातले वीस दिवे आणि वायपर घेणार. साडेतीनशे अँपिअरने दोन मिनिटं ओढलं की बॅटरीतून बारा एएच जातात. उरलेल्या तीस अँपिअरने ते भरून यायला पंचवीस मिनिटं तरी हवीत. अल्टरनेटरचं काम दोन ओढींच्या मधलं आहे. आणि दिवसभर तर सोडाच, विंचची मोटरही पूर्ण भाराला मिनिटभर ओढून हात लावून बघायची असते. तापली असेल तर थांबायचं.

दुकानात गेलो. मालक म्हणाला, "तुम्ही बटण जास्त वेळ दाबलंत." मी जळलेला कॉन्टॅक्टर काउंटरवर ठेवला. त्याकडे न बघता तो म्हणाला, "कट-ऑफ स्विच ऑप्शनल असतो, तुम्ही मागितला नाहीत." मला काय माहीत, काय मागायचं ते? माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? गिऱ्हाईकाने मागितलं नाही म्हणून न बसवण्यासारखी ती वस्तू आहे का? डॉक्टर टाके घालताना विचारतो का, गाठ मारू का म्हणून? हे मी तिथे बोललो नाही. घरी आल्यावर सगळं सुचलं. तिथे मी नुसता उभा होतो आणि मागे दुसरं गिऱ्हाईक विंचचा भाव विचारत होतं.

मामांनी बॉनेटखाली जास्त क्रँकिंगची नवी बॅटरी बसवली, तिथून विंचपर्यंत दीड मीटरची ५० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली आणि विंचचा अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणला. मडगार्डवर बाहेरून हात पोहोचेल असा लाल कट-ऑफ बसला. आता त्याच भाराला विंचच्या टोकाला १०.४ व्होल्ट मिळतात. पुली लावून तार दुहेरी केली, तर तारेवरचा ताण जवळपास निम्म्यावर येतो आणि अँपिअरही उतरतात. ओढायला वेळ दुप्पट लागतो, पण बॅटरी जिवंत राहते. पहिल्या दिवसापासून एवढी पुली घेतली असती तरी पुष्कळ निभावलं असतं, असं मला वाटतं.

"मोठा अल्टरनेटर काढून जुना लावू का?" असं मामांनी विचारलं होतं. काढा म्हणायला मी तोंड उघडलं आणि नको म्हणालो. दुहेरी पट्ट्याची पुली टाकली, चार्जिंगची वायर जाड केली, तिला फ्यूज लावला. गेल्या पावसात तीन गाड्या ओढायच्या होत्या, तेव्हा मधल्या वेळात हाच अल्टरनेटर उपयोगी पडला. दुकानदाराने दिलेली ती एक वस्तू मी आजही वापरतो. त्याला ती नीट लावता आली नव्हती, एवढंच.

गेल्या महिन्यात एक मित्र नवा विंच दाखवायला आला. मी आधी गाडीच्या मागे गेलो. बाकड्यामागे तसंच पत्र्याचं झाकण, तेच चार स्क्रू. दुकान तेच. "दिवसभर चालतो म्हणालेत," मित्र सांगत होता. मी पाना आणि पॉलिश पेपर घेऊन त्याच्या गाडीखाली शिरलो आणि अर्थचा बोल्ट सोडवला. लगखाली काळा रंग चकचकीत होता.