पिवळा दिवा

आमच्या घराण्यात चारचाकी घेणारा मी पहिलाच. वडिलांनी जन्मभर सायकल चालवली. मी कारकून, त्यामुळे गाडी घ्यायची म्हणजे जुनीच आणि तीही पतसंस्थेचे कर्ज काढून. 2023 च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या आठवड्यात 2014 सालची एक छोटी पेट्रोल गाडी 1 लाख 90 हजारांना घेतली. हौसेसाठी नव्हे. आईने पंचाहत्तरी ओलांडली, तिचे गुडघे गेले. दर सहा डिसेंबरला ती नाशिकहून रेल्वेच्या गर्दीतून चैत्यभूमीला जात आली. मागच्या दोन वर्षांत तेही जमले नव्हते. "एकदा बाबासाहेबांना अभिवादन करून येऊ दे, मग मी काही मागणार नाही," असे ती म्हणाली, आणि मी कर्जाचा अर्ज भरला.

विकणारे गृहस्थ समाजाच्या कार्यक्रमांतून ओळखीचे झालेले. गाडी धुऊनपुसून उभी होती. बसल्यावर एक गोष्ट माझ्या नजरेला पडली. आतले घड्याळ भर दुपारी रात्रीची वेळ दाखवत होते. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली की घड्याळ असे चुकते, एवढे मलाही ठाऊक होते. पण "बॅटरी का काढली होती?" असे विचारायला जीभ रेटली नाही. आपलाच माणूस, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा! हिशेबाच्या वहीत खाडाखोड दिसली तर मी कार्यालयात चार प्रश्न विचारतो. तिथे मात्र गप्प बसलो.

आठ-दहा दिवसांत काचेमागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. चौकातल्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली एक यंत्र लावले, दोन बटणे दाबली आणि म्हणाला, "दिवा घालवला साहेब, तीनशे द्या." मी दिले. काय बिघडले होते हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आठवड्याने दिवा पुन्हा लागला. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन तो घालवून आणला. घरी पत्नीने विचारले तेव्हा सांगितले, "सेन्सरचे काहीतरी होते, झाले दुरुस्त." हे खोटे होते. दुरुस्त काहीच झाले नव्हते.

5 डिसेंबरला आई, पत्नी आणि मुलीला घेऊन निघालो. कल्याणला मावसबहिणीच्या दारात गाडी लावली आणि पहाटेच्या लोकलने दादर गाठले. आईने अभिवादन केले. परत फिरताना तिचे डोळे भरून आले होते. कर्ज फिटल्यासारखे मला वाटले.

सातला सकाळी परतीला निघालो. कसारा घाट चढू लागलो तशी गाडी हिसके देऊ लागली. पिवळा दिवा लागला, आणि या वेळी तो नुसता लागला नाही, सारखा लुकलुकू लागला. मागून मालट्रकांचे हॉर्न. आई म्हणाली, "अरे, गाडीला धाप लागली का रे?" जागा दिसताच कडेला थांबलो. अर्ध्या तासाने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी इगतपुरी गाठली आणि साडूंच्या दारात गाडी उभी केली. पुढचा प्रवास रेल्वेने. अनुयायांनी डबे भरलेले होते. जिच्यासाठी गाडी घेतली, ती माझी आई नाशिकपर्यंत डब्याच्या दारापाशी पिशवीवर बसून आली. ती एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

माझी भाची आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकते. मुलीने कशाला हातोडी-पाने घ्यायचे, असे म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे इथे कबूल करतो. रविवारी ती माझ्यासोबत आणि पत्नीसोबत इगतपुरीला आली. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. तिने तिथे लहानसे यंत्र लावले आणि मोबाईलवर वाचू लागली. पी 0302. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. मग तिने आणखी एक आकडा पाहिला आणि मान वर केली.

"मामा, हा कोड कोणी पुसला? पुसल्यापासून गाडी जेमतेम तीनशे किलोमीटर चाललीय."

पत्नी शेजारीच उभी होती. नाशिकहून निघायच्या आदल्या दिवसापासूनचे अंतर यंत्राने जपून ठेवले होते. मला सर्व सांगावे लागले. मी ज्या गृहस्थांना मनात दोष देत होतो, त्यांनी एकदा केले असेल ते मी दोनदा केले होते.

भाचीने लगेच कोणता भाग बदलायला सांगितले नाही. प्रत्येक सिलिंडरवर ठिणगी देणारी एक कॉइल असते. तिने दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावली आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसून गाडी चालवली. आता कोड आला पी 0303. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. "बघा, आता माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही," ती म्हणाली. मला एहिपस्सिको हा शब्द आठवला. या आणि स्वतः पाहा. वंदनेत तो आपण रोज म्हणतो. मला त्याचा अर्थ एका पोरीने काळ्या हातांनी समजावला.

नवी कॉइल आणि तीन प्लग मिळून 2,200 रुपये लागले. त्याआधी फोनवर एका मेकॅनिकने "कॉम्प्युटर बदलावा लागेल" म्हणून 18 हजार सांगितले होते. भाचीने आणखी एक समजावले. दिवा स्थिर असेल तर सांभाळून घरी जाता येते, पण तपासणी लांबवू नये. लुकलुकत असेल तर न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग तापून निकामी होतो. तेव्हा जोर कमी करून थांबायचे. आणि तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तर क्षणभरही इंजिन चालू ठेवायचे नाही.

इथपर्यंत गाडीची गोष्ट झाली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचे कारण वेगळे होते.

आमच्या विहार समितीचा मी कोषाध्यक्ष. बी.कॉम. झालेला म्हणून विश्वासाने दिलेले पद. त्या वर्षीच्या भीमजयंतीच्या हिशेबात 7,400 रुपयांचा मेळ बसत नाही, असे एका तरुणाने सभेत विचारले होते. ज्येष्ठांनी त्याला गप्प केले. "कालचा पोरगा! समाजाची बदनामी करतो काय?" मी काहीच बोललो नाही. दोन पावत्या सापडत नाहीत हे मला ठाऊक असूनही बोललो नाही. तो मुलगा त्यानंतर विहारात यायचा बंद झाला. आम्ही म्हटले, चला, वाद मिटला.

वाद मिटला नव्हता. दिवा पुसला होता.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडून सर्व कागद काढले. दोन रात्री बसलो. मंडपवाल्याला 4,500 रुपये दोनदा दिले गेले होते, एकदा माझ्या हातून आणि एकदा कार्यकर्त्याच्या. नोंद न पाहता दुसऱ्यांदा सही मीच केली होती. मंडपवाल्याने वही पाहून पैसे परत केले. उरलेल्या 2,900 ची पावती मिळाली नाही, ते मी माझ्या खिशातून भरले. पूर्ण हिशेब माझ्या चुकीसह विहाराच्या फलकावर लावला. मग त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, पण बराच वेळ माझ्याकडे पाहिले नाही. आता तो आमचे हिशेब तपासतो. प्रश्न खूप विचारतो. कधी कधी राग येतो, तो गिळतो.

पंचशीलातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती उभे राहून म्हणतो. पण खोटे केवळ जिभेने बोलले जात नाही. दिसलेले घड्याळ न विचारणे, पुसलेला कोड, दाबलेला प्रश्न, हेही खोटेच. समाजाची बदनामी प्रश्नाने होत नाही, न दिलेल्या उत्तराने होते.

जुनी गाडी घेणाऱ्या बांधवांसाठी थोडे सांगतो. गाडी सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवा. इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर दिवाच काढून टाकलेला असू शकतो. इंजिन थंड असताना सुरू करून बघा. चढावर चालवा. कोड वाचणारे साधे यंत्र हजार रुपयांच्या आतही मिळते. कोड नुकताच पुसला असेल तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात, तेही त्यात कळते. आणि विकणारा आपला माणूस असला तरी विचारा. आपला असेल तर रागावणार नाही.

विकणाऱ्या गृहस्थांना मी भेटलो. ते म्हणाले, "जुनी गाडी म्हटल्यावर एवढे चालायचेच." मी भांडलो नाही. घड्याळ मी पाहिले होते, एवढेच त्यांना सांगून आलो.

सहा डिसेंबर 2024 ला आईला पुन्हा नेले. घाट चढताना ती म्हणाली, "आता नाही धाप लागत." मागच्या सीटवर भाची होती. तिने हळूच पुढे वाकून दिव्याची जागा पाहून घेतली.

जयभीम!